फिशटँकचं पाणी एकदम बदलू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरी मासे पाळणाऱ्यांसाठी आलेला लेख वाचला. टाकी कुठे ठेवावी, दिवा किती तास लावावा, कुठले मासे एकमेकांसोबत सुखानं राहतात, हे सगळं त्यात नीट सांगितलं आहे. पण शेवटच्या परिच्छेदात दर दोन महिन्यांनी मासे बादलीत काढून टाकी पूर्ण रिकामी करावी, खडी आणि फिल्टर नळाखाली धुवून सगळं नवीन पाणी भरावं, असा सल्ला दिला आहे. तो वाचल्यापासून मला चैन नाही, कारण असाच सल्ला मी एकदा तंतोतंत पाळला होता आणि त्या आठवड्यात माझे पाच मासे गेले.

मी हिशेबनीस म्हणून नोकरी केली. रसायनशास्त्र शाळेत शिकले तेवढंच. मुलगा शिकायला बाहेर गेला तेव्हा त्याची शंभर लिटरची टाकी माझ्याकडे आली : चार एंजल, बारा निऑन टेट्रा आणि तळाशी वाळू हुंगत फिरणारे पाच कोरिडोरास. जाताना तो म्हणाला, ‘आई, पंधरा दिवसांतून एकदा एक बादली पाणी बदलत जा.’ दहा लिटरची ती बादली मी तीन वर्षांत एकदाही चुकवली नाही. मधल्या दिवसांत पाणी आटून खाली गेलं की वरून भर घालायची. पाणी काचेसारखं दिसायचं. घरी येणारे टाकीपाशी उभे राहून कौतुक करायचे.

मग मी सहा नवे निऑन आणले. तिसऱ्या दिवसापर्यंत सहाही मेले. जुने बारा मात्र काही झालंच नाही असे पोहत होते. मासे जिथून आणले तिथे विचारलं, तर उत्तर आलं, ‘पाणी खराब झालंय ताई, पूर्ण बदलून टाका.’ मी एक अख्खी सुट्टी त्यात घालवली. खडी घासली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा होईपर्यंत धुतला, नळाच्या पाण्यातला क्लोरिन घालवणाऱ्या अँटीक्लोरिनचे थेंब मोजून टाकले आणि टाकी नव्या पाण्यानं भरली. त्या रात्रीच एक एंजल काचेला टेकून आडवा पडला. चौथ्या-पाचव्या दिवशी बाकीचे मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. दुसरा एंजल आणि तीन निऑन त्यात गेले.

जुन्या पाण्याची अर्धी बादली मी झाडांना घालायला गॅलरीत ठेवली होती, तेवढीच वाचली होती. शेजारच्या वहिनी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात. त्या टेस्ट किट घेऊन आल्या आणि त्यांनी टाकीबरोबर बादलीतलं पाणीही तपासलं. बादलीत नायट्रेट तक्त्यावरच्या शेवटच्या गडद लाल रंगाचं, म्हणजे १६० पीपीएम (लिटरमागे १६० मिलिग्रॅम). पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे त्याचं माप, ६ : किटमधला सगळ्यांत खालचा, आम्लाकडचा रंग. क्षारता, म्हणजे पीएच घसरू न देण्याची पाण्याची ताकद, जवळपास संपलेली. अमोनिया २ पीपीएम. नव्या पाण्याचा पीएच होता ७.८. काचेसारख्या दिसणाऱ्या पाण्याचा हा खरा ताळेबंद होता आणि तीन वर्षांत मी तो एकदाही पाहिला नव्हता.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. उरलेलं खाद्य आणि कुजणारी पानंही त्यात भर घालतात. फिल्टरच्या स्पंजावर आणि खडीवर वसलेले जीवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. जुन्या पुस्तकांत दुसऱ्या टप्प्याचं श्रेय नायट्रोबॅक्टरला दिलेलं असायचं. गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम खरं तर नायट्रोस्पायरा करतात, हे १९९८ च्या संशोधनातून पुढे आलं. आणि अमोनियावर जगणारा एक अगदी वेगळ्या कुळातला सूक्ष्मजीव, नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस, २००५ मध्ये शास्त्रज्ञांना मिळाला तो सिएटलच्या मत्स्यालयातल्या एका टाकीच्या खडीतून. वहिनींनी हे सांगितलं तेव्हा मी मुकाट्यानं माझ्या धुतलेल्या खडीकडे पाहत राहिले. आपण जिला घाण समजून घासतो तिच्यातच टाकीचा प्राण असतो.

अमोनिया आणि नायट्राइट अगदी थोडे असले तरी घातक असतात. नायट्रेट त्या मानानं सौम्य, म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. फिल्टर ते काढत नाही, उलट तयार करतो. कोळशाच्या फिल्टरनं जात नाही, पाणी उकळूनही जात नाही. पाणी आटतं तेव्हा वाफ उडते आणि नायट्रेट मागे उरतं, त्यामुळे वरून भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. त्याला वास नाही, रंग नाही. टीडीएस मीटर सगळे क्षार एकत्र मोजतं, त्यातलं नायट्रेट किती हे सांगू शकत नाही. आणि ते तयार होताना पाण्यातली क्षारता खर्च होत जाते : एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सात ग्रॅमहून थोडी जास्त. क्षारता संपली की पीएच घसरतो, पीएच फार घसरला की जीवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया साठू लागतो. माझ्या बादलीत नेमकं हेच झालं होतं. जुने मासे या बदलाला तीन वर्षांत कणाकणानं सरावले होते. नव्या सहांना एका तासात त्यात उतरावं लागलं.

मग जुने का मेले? कारण मी त्यांना तीच शिक्षा उलट्या दिशेनं दिली. ६ वरून ७.८ वर एका दुपारी. पहिला एंजल त्या धक्क्यानं गेला. बाकीचे गेले कारण स्पंज आणि खडी धुऊन मी जीवाणूंचा बहुतेक संसार नळाच्या क्लोरिनखाली वाहून घालवला होता. रोज तयार होणारा अमोनिया आता कोणी उचलत नव्हतं, आणि ७.८ पीएचला तो जास्त विषारी असतो.

हा शेवटचा मुद्दा लेखात यायलाच हवा होता. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक विषारी आणि एक बराचसा निरुपद्रवी, आणि त्यांचं प्रमाण पीएच ठरवतो. २५ अंश तापमानाला पीएच ६ असताना विषारी हिस्सा अर्धा टक्का तर सोडाच, एका टक्क्याचा दहावा भागही नसतो. पीएच ८ ला तो ५ टक्क्यांच्या वर जातो. समजा, मी सगळं न बदलता अर्धंच पाणी बदललं असतं आणि पीएच ७.५ वर आला असता. एकूण अमोनिया २ वरून १ पीपीएम झाला असता, पण विषारी हिस्सा पंधरापट वाढला असता. मी हे गणित वहीत तीन वेळा करून पाहिलं. पाणी निम्मं नवं होतं आणि विष मात्र वाढतं, हे पटायला मला वेळ लागला. म्हणूनच जुन्या, दुर्लक्षित टाकीतलं पाणी घाईनं बदलणं सगळ्यांत धोक्याचं. अशा टाकीत हात घालण्याआधी अमोनिया आणि पीएच मोजून घ्यायलाच हवेत.

आता माझ्या एका बादलीविषयी. ती नेमानं बदलूनही १६० कसे झाले, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. उत्तर मला हिशेबात सापडलं आणि ते इतकं सोपं आहे की प्रत्येक टाकीवाल्यानं ते पाठ करावं. दोन पाणीबदलांच्या मधे नायट्रेट जितकं वाढतं त्याला बदललेल्या पाण्याच्या हिश्शानं भागा. नायट्रेट जिथे जाऊन स्थिरावेल तो आकडा मिळतो. नळाच्या पाण्यात मुळात असलेलं नायट्रेट त्यात मिळवा. माझ्या टाकीत आठवड्याला ८ पीपीएम वाढत होते, म्हणजे पंधरवड्याला १६. दहावा हिस्सा बदलत होते. १६ भागिले ०.१ म्हणजे १६०, आणि नळाच्या पाण्यातले ५. तीन वर्षं मी थकबाकीतलं थोडंसं फेडत होते आणि उरलेलं पुढच्या पानावर ओढत होते. शिस्त पूर्ण होती, रक्कम अपुरी होती.

तेच पाणी दर आठवड्याला ३० टक्के बदललं तर ८ भागिले ०.३, म्हणजे सुमारे २७, अधिक ५. बदलाच्या आदल्या दिवशी ३२. गोड्या पाण्याच्या घरगुती टाकीत ४० च्या वर जाऊ देऊ नये आणि २० च्या आसपास ठेवता आलं तर उत्तम, असं अनुभवी लोक सांगतात. कोळंबी, पिल्लं किंवा अंडी असतील तर याहून कमीच हवं. खाऱ्या पाण्यात प्रवाळ ठेवणाऱ्यांचं गणित फार कडक असतं, त्यात मी पडत नाही.

३२ वरून खाली यायचं तर पाणी आणखी बदलायचं किंवा वाढच कमी करायची. मी वाढीकडे वळले आणि वाढीचं मूळ खाद्याच्या डबीत आहे. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. ४० टक्के प्रथिनं असलेलं एक ग्रॅम खाद्य शंभर लिटरमध्ये पूर्णपणे नायट्रेट झालं तर पावणेतीन पीपीएमहून थोडी जास्त भर पडते. काही भाग माशांच्या अंगी लागतो, काही गाळात अडकतो, तरी अंदाज येतो. मी आठवडाभर चिमटी छोट्या काट्यावर तोलून पाहिली : सात दिवसांत चार ग्रॅम. आता अडीच ग्रॅम देते, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. माशांना या उपासानं काही होत नाही. ते काचेशी येऊन तोंड उघडतात तेव्हा हात डबीकडे जातो हे मला ठाऊक आहे, माझाही जायचा. पण ते भूक असो नसो, माणूस दिसला की येतात. आठवड्याची वाढ ८ वरून ५ झाली. त्यामुळे आता बदलाआधी नायट्रेट २१-२२ असतं आणि बदलानंतर १६-१७.

मोजणीत मी सुरुवातीला फसले ते सांगते, म्हणजे दुसऱ्याचा वेळ वाचेल. थेंबांच्या किटमध्ये नायट्रेटच्या दोन बाटल्या असतात. दुसऱ्या बाटलीतला ऐवज तळाशी घट्ट बसतो. सूचनेत लिहिल्याप्रमाणे ती बाटली अर्धा मिनिट जोरानं हलवली नाही, मग नळीही मिनिटभर हलवली नाही, तर आकडा खोटा आणि बराच कमी येतो. मला एकदा १० आले, तेच पाणी नीट हलवून तपासलं तर ८० आले. मोठ्या आकड्यांना गडद रंग ओळखू येत नाहीत. अशा वेळी एक भाग टाकीचं पाणी आणि तीन भाग डिस्टिल्ड पाणी मिसळून तपासावं आणि उत्तराला चारनं गुणावं. आणखी एक घोळ म्हणजे काही किट नायट्रेट दाखवतात, काही नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन. एकाच पाण्याला एक किट ४४ म्हणेल आणि दुसरं १०, आणि दोन्ही खरे असतील, कारण नायट्रोजनचा आकडा ४.४३ नं गुणला की नायट्रेट मिळतं. एकच रक्कम दोन चलनांत लिहिल्यासारखं आहे हे. किटच्या कागदावर कुठलं माप आहे ते वाचल्याशिवाय दुसऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहू नये.

नळाचं पाणीही तपासा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट ५० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत असू शकतं अशी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा आहे. म्हणजे माणसाला चालणारं पाणी टाकीत ओतताना आपण माशांना आधीच ४० च्या वर नेऊन ठेवू शकतो. तसं असेल तर कितीही पाणी बदला, त्याखाली उतरता येणार नाही. मग आरओचं पाणी मिसळावं लागतं. पण निव्वळ आरओ नको, त्यात क्षारताच नसते आणि पीएच पुन्हा कोसळतो.

झाडांनी मला सर्वांत जास्त हात दिला. मनी प्लांटच्या फांद्या टाकीच्या मागच्या कडेला अशा अडकवल्या की मुळं पाण्यात आणि पानं बाहेर. पानांना हवेतला कार्बन डायऑक्साइड मुबलक मिळतो, म्हणून बुडालेल्या झाडांपेक्षा अशी झाडं भराभर वाढतात आणि तितकाच नायट्रोजन ओढून घेतात. अमोनिया तर ती नायट्रेटच्याही आधी उचलतात. तरंगणाऱ्या वनस्पतीही हेच करतात. फक्त वाढलेली पानं, फांद्या वेळोवेळी काढून टाकीबाहेर न्यायला हव्यात. तिथेच कुजू दिली तर घेतलेलं सगळं परत पाण्यात. काढलेल्या तरंगत्या वनस्पती ओढ्यात, तळ्यात मात्र कृपा करून टाकू नका. तिथे त्या पाण्यावर पसरून खालच्या माशांचा श्वास कोंडतात. कुंडीत खत म्हणून घाला. टाकीतून काढलेलं गोडं पाणीही कुंड्यांनाच घाला, त्यातलं नायट्रेट तिथे खतच आहे.

नायट्रेट शोषणारी रेझिन आणि जीवाणूंच्या बाटल्या यांच्याबद्दल विचारणारे भेटतात. रेझिन खरंच काम करते, भरली की मिठाच्या पाण्यात पुन्हा ताजी करता येते. पण खाद्य तसंच आणि पाणीबदल तसाच राहिला तर ती नुसती उसनवारी ठरते. बाटलीतल्या जीवाणूंचा उपयोग नवी टाकी सुरू करताना आहे, साठलेलं नायट्रेट घालवायला नाही.

माझ्या बहिणीच्या टाकीत मागच्या वर्षी असेच १६० पीपीएम निघाले. तिला मी बादली उचलू दिली नाही. आधी मोजलं : पीएच ६.४, अमोनिया शून्य. मग एक दिवसाआड फक्त १५ टक्के पाणी, टाकीच्याच तापमानाचं, अँटीक्लोरिन घालून, सायफननं, म्हणजे पाणी ओढून काढणाऱ्या नळीनं, खडीचा एकेक कोपरा साफ करत. स्पंज बदलाच्या दिवशी काढलेल्या जुन्या पाण्यातच हलका पिळायचा, नळाखाली नाही. बारा वेळा असं केल्यावर आकडा ४० पर्यंत आला, साडेतीन आठवडे लागले. एकही मासा गेला नाही. तिचा एक म्हातारा गोल्डफिश त्या महिन्यात पूर्वीपेक्षा जास्त पोहू लागला, असं ती म्हणते आणि मी तिच्यावर विश्वास ठेवते.

माझी विनंती आहे की पुढच्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच जागी, या सल्ल्याची दुरुस्ती छापावी. लेखकाचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. मलाही तोच सल्ला चांगल्या हेतूनंच मिळाला होता. पण छापलेल्या शब्दावर लोक विसंबतात आणि सुट्टीच्या दिवशी बादल्या काढून बसतात.

दुरुस्ती येईपर्यंत कोणी टाकी रिकामी करून भरलीच असेल, तर त्यांच्यासाठी एवढं लिहिते. दोन-तीन दिवस खाद्य बंद ठेवा. एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. अँटीक्लोरिन पूर्ण टाकीच्या मापानं टाकलं होतं का ते तपासा. ओळखीत कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधल्या स्पंजाचा एक तुकडा मागून आणा आणि ओला असतानाच आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. अमोनिया आणि नायट्राइट रोज मोजा. काही दिसलं तर पाव टाकी पाणी, त्याच तापमानाचं, हळूहळू घालून बदला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. मासे धापा टाकताना दिसले म्हणून औषध ओतू नका. पुन्हा पूर्ण पाणी तर मुळीच बदलू नका.

आपली,
एक नियमित वाचक